आठ सेकंद

मे महिन्यात धबधबा काढायला निघालोय म्हटल्यावर
पापाच्या तिकटीवरचा चहावाला हसला.
"डोस्कं फिरलंय काय ओ? जुलैपर्यंत दम धरा की."
पण जुलैमधला धबधबा सगळ्यांकडं आहे,
सलूनच्या आरशाशेजारी, गुळाच्या कॅलेंडरवर.
आमच्या स्टुडिओत तर तो वर्षभर वाहायचा
दहा बाय आठच्या पडद्यावर, वडिलांनी रंगवलेला.
नवी लग्नं झालेली माणसं त्याच्यापुढं
हातावर हात ठेवून उभी राहिली, कोरडी.
पंचगंगा दुकानात शिरली त्या वर्षी
खऱ्या पाण्यानं तो धबधबा
कमरेपर्यंत धुऊन नेला.

गगनबावड्याच्या अलीकडं एसटी सोडली.
धनगरवाड्यावरनं बिरू झोरे बरोबर आला,
पायात टायरची चप्पल, हातात कोयता, बाकी काही नाही.
माझ्या पाठीवर अकरा किलो.
सडा ओलांडायला दीड तास.
जांभ्याच्या भोकाभोकातनं ऊन वर येत होतं.
पावसाळ्यानंतर इथं फुलांतनं पाय ठेवायला जागा नसते म्हणे.
आता करपलेलं गवत, एक टिटवी,
आणि टिटवीला आम्ही पसंत नव्हतो.

मग घळ.
धरावा तो दगड चटका द्यायचा.
करवंदीच्या जाळीनं शर्ट धरला, बिरूनं मला धरलं,
पुढचे तीस फूट मी बसूनच उतरलो,
कॅमेरा पोटाशी, अब्रू वर सड्यावर ठेवून.
पहिली बाटली संपली. दुसरीतलं पाणी चहाएवढं गरम.
बिरूनं करवंदाची बी थुंकली, विचारलं,
"कोल्लापुरात पाणी न्हाई व्हय तुमच्या?"

धबधबा म्हणजे
साठ फूट काळ्या कातळावरनं उतरणारा एक दोरा.
वारं आलं की तोही तुटायचा.
मग खालची टपटप थांबायची
आणि आम्ही दोघं माना वर करून उभे,
लाईट गेल्यावर माणसं बल्बाकडं बघतात तसे.

ट्रायपॉड लावला. काळा फिल्टर. छिद्र बारीक.
आठ सेकंद डोळा उघडा ठेवला
की दोऱ्याचं दूध होतं, ही आमच्या धंद्यातली जुनी भेसळ.
तीन, चार, मोजत होतो,
तेवढ्यात पलीकडच्या वाटेनं एक बाई आली, अनवाणी.
दोऱ्याखाली कळशी टेकवली,
पाला झाडला, दगड सरकवला, पदरानं मान पुसली,
एक क्षण काही स्वस्थ नाही.
"फोटुत आलो काय मी?" तिनं विचारलं,
इकडच्या बायका विचारतात तसं, गड्यागत.

कातळ आला होता. दूध आलं होतं.
कळशीच्या पोटावरचा पोचासुद्धा आला होता.
तिच्या जागी नुसता ओलसर धूर,
दगडावर कुणी फुंकर मारल्यासारखा.
"हललं की पुसतं," मी म्हणालो.
"मग आमी कवाच येत न्हाई," ठकूबाई म्हणाली,
आणि कळशीची मान सरळ केली.

भरायला पाऊण तास लागतो.
तिनं ओंजळीत थोडं पाणी ओतलं, मी प्यालो.
लोखंडाची चव, आणि दात दुखतील एवढं गार.
मग म्हटलं, मावशी, आठ सेकंद उभ्या राहता?
ती राहिली.
एक हात कळशीवर, श्वास धरून,
पडद्यापुढच्या नवऱ्यामुलींसारखी, ताठ.
मी मोजायला लागलो, आणि वारं आलं.

या फोटोत ती आहे.
भुवईतला घाम आहे, पायातली भेग आहे.
मागं कोरडा कातळ,
पाणी नाही.

वर येताना ती पुढं होती, भरली कळशी डोक्यावर,
आणि मी दर वळणाला लेन्स पुसायच्या निमित्तानं थांबत होतो.

गुळाच्या शेठजींनी पहिला फोटो निवडला.
बराच वेळ बघितला. म्हणाले, झकास.
फक्त खालची ती कळशी तेवढी
काढता येतीया काय बघा.